परदेशातला पायलट परवाना भारतात आणायचा, तर तयारी विमानात बसण्याआधी

नांदेड, परभणी, बीडकडची मुलं-मुली आता अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत विमान चालवायला शिकायला जातात. घरचे कर्ज काढतात, कुणी जमीन तारण ठेवतं. परवाना घेऊन लेकरू परततं आणि मग कळतं की त्यावर इथलं विमान उडवता येत नाही. भारतीय सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, डीजीसीए या केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून काढावं लागतं. या कामाला सगळे ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. त्यात अडकणाऱ्या मुलांना विमान चांगलं येत असतं. त्यांचे तास तिकडच्या नियमाने मोजलेले असतात आणि कागद अर्धे तिकडेच राहिलेले असतात, तिथे गाडी अडते. म्हणून हे सगळं तिकीट काढण्याआधी वाचावं.

मुळात परवाना चालतो कुठे, हे आधी समजून घ्या. १९४४ च्या शिकागो करारातल्या ३२ व्या कलमानुसार वैमानिकाचा परवाना विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाने दिलेला किंवा वैध ठरवलेला असावा लागतो. ३३ वं कलम सांगतं की असा परवाना आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, किमान दर्जाचा असेल तर बाकीच्या देशांनी तो मान्य करावा. त्यामुळे ‘एन’ने सुरू होणारी नोंदणी असलेलं अमेरिकी विमान अमेरिकी परवान्यावर दिल्लीत उतरवता येतं. पण शेपटीवर ‘व्हीटी’ असलेल्या विमानाला भारताचा परवाना हवा. परवाना ‘आयकाओचा’ आहे, जगभर चालतो, असं कुणी एजंट सांगत असेल तर तो अर्धंच सांगतोय. आयकाओ स्वतः कुणालाच परवाना देत नाही.

मान्यतेच्या वाटा दोन. एक वैधीकरण: मूळ परवाना तसाच ठेवून दुसरा देश ठरावीक काळापुरती परवानगी देतो. भारतात परदेशी वैमानिकांना मिळणारी ‘फाटा’ ही तशी तात्पुरती परवानगी आहे. दुसरी वाट रूपांतरणाची, म्हणजे इथल्या परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि उड्डाण चाचण्या देऊन इथला स्वतंत्र परवाना काढायचा. आपल्या मुलांना हीच वाट धरावी लागते.

निघण्याआधी

पहिलं काम डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक. तो मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. लातूरला नीटच्या तयारीत बरीच मुलं गणित सोडतात आणि नंतर त्यांना पायलट व्हावंसं वाटतं. त्यांनी एनआयओएस या मुक्त शिक्षण मंडळातून गणित देऊन टाकावं, त्यासाठी पुन्हा कॉलेजात बसावं लागत नाही. गुणपत्रकासोबत बोर्डाचं पडताळणी पत्र लागतं. ते विभागीय मंडळाकडून घ्यायचं असतं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या मुलांचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, तर लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या मुलांचं लातूरला. निकालाच्या हंगामात तिथे गर्दी असते, तेव्हा हे काम त्याआधी उरका.

इथेच नावाची गाठ बसते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं: ‘कदम ओंकार बालाजी’. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत जातं. अमेरिकेत फॉर्म भरताना मुलगा ‘ओंकार कदम’ एवढंच लिहितो आणि परवान्यावर तेच छापून येतं. झाली तीन नावं. डीजीसीएकडे अर्ज गेल्यावर ही तीन माणसं एकच आहेत हे शपथपत्राने सिद्ध करत बसावं लागतं. कुठे स्पेलिंग वेगळं निघालं तर राजपत्रापर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा पासपोर्टवरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तिकडच्या पहिल्या फॉर्मपासून अक्षरन् अक्षर तेच वापरा. मुलींनी लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्यावा, मगच बाहेर नोंदणी करावी. जन्मस्थळ एका कागदावर औरंगाबाद आणि दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर, किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव असेल, तर नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये लावून ठेवा.

दुसरं काम वैद्यकीय तपासणी. आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २ ही प्राथमिक तपासणी, मग व्यावसायिक परवान्याला लागणारी क्लास १. क्लास १ हवाई दलाच्या केंद्रांत होते, उदाहरणार्थ बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. डीजीसीएने मान्यता दिलेली इतर केंद्रंही आहेत. फ्लाइंग स्कूलला एक रुपया भरण्याआधी क्लास १ हातात घ्या, यात अजिबात सूट देऊ नका. अमेरिकी मेडिकल भारतात चालत नाही. तिकडे पात्र ठरलेला मुलगा इथे रंगांधत्वावर किंवा हृदयाच्या आलेखावर अडकू शकतो, आणि तोवर लाखो रुपये उडालेले असतात. चाळिशीच्या आत क्लास १ एक वर्ष चालतं. कोर्स लांबला तर परतल्यावर नूतनीकरण करावं लागेल, हे गृहीत धरा.

तिसरं काम परीक्षा. परदेशी परवाना हातात असलेल्याला दोन पेपर द्यावे लागतात. एक एअर रेग्युलेशन्स, दुसरा नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र एकत्र असलेला ‘कॉम्पोझिट’. पास व्हायला ७० टक्के. हे दोन पेपर आल्यावर देऊ, असं बरेच जण ठरवतात. आमचं मत उलटं आहे. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे नेहमीचे पेपर जाण्याआधी इथेच द्या. अभ्यास जास्त पडतो हे खरं, पण त्याचा मोबदला परतल्यावर मिळतो. कारण भारतीय सीपीएलच्या अर्जाला सहा महिन्यांच्या अटी आहेत. अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांत पीआयसी (पायलट-इन-कमांड, विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून किमान १५ तास हवेत. रात्रीचे १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग्ज हवीत, तीही त्याच सहा महिन्यांत. समजा जानेवारीत तिकडची चाचणी झाली, मार्चमध्ये घरी आला, पेपर एका झटक्यात निघाले नाहीत आणि ऑगस्ट उजाडला. तिकडचे शेवटचे तास शिळे झाले. आता तेच तास इथे पुन्हा उडवायचे, पुन्हा पैसे भरून. निकालालाही मुदत असते, म्हणून पेपर आणि कोर्स यांच्यात उगाच दोन-तीन वर्षांचं अंतर पडू देऊ नका.

तास कसे मोजायचे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

भारतीय सीपीएलला एकूण २०० तास लागतात. त्यात १०० तास पीआयसी, २० तास क्रॉस-कंट्री (एका विमानतळाहून दूरच्या दुसऱ्याकडे प्रवास) पीआयसी, १० तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडणं (त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर) आणि ५ तास रात्रीचं उड्डाण. क्रॉस-कंट्रीत एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेला. टच-अँड-गो, म्हणजे चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं, केलं तर ते पूर्ण थांबणं नव्हे. लॉगबुकच्या शेऱ्यात ‘फुल स्टॉप’ असं लिहून घ्या. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (परवान्यावरची उपकरणांवर उडण्याची पात्रता) हवं असेल, आणि नोकरीसाठी ते हवंच, तर ५० तास क्रॉस-कंट्री पीआयसी आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट लागतात. त्यातले सिम्युलेटरचे २० पेक्षा जास्त धरले जात नाहीत.

आता अमेरिकेचं बघा. तिथल्या पार्ट १४१ शाळेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या अभ्यासक्रमाच्या शाळेत, कमर्शियलचं गणित १९० तासांत बसतं. इन्स्ट्रुमेंट कोर्स ३५ तासांचा असतो. म्हणजे तिकडची चाचणी पास झाली तरी भारताच्या हिशेबात १० तास एकूण आणि ५ तास इन्स्ट्रुमेंटचे कमी. शाळेला हे माहीत नसतं, किंवा तिला त्याच्याशी घेणं-देणं नसतं. कोर्स सुरू होण्याआधीच करारात २०० आणि ४० असे आकडे लिहून घ्या.

खरा घोळ पीआयसीच्या रकान्यात होतो. अमेरिकेच्या नियमात, तुमच्याकडे त्या विमानाचं रेटिंग असेल आणि कंट्रोल तुमच्या हातात असतील, तर शेजारी इन्स्ट्रक्टर शिकवत असतानाही ती वेळ पीआयसी म्हणून लिहिता येते. एकच तास ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतच्या) रकान्यातही आणि पीआयसी रकान्यातही. प्रायव्हेट परवाना मिळाल्यापासून पुढचं सगळं इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियल प्रशिक्षण असं दुहेरी लिहिलं जातं. भारतीय हिशेबात इन्स्ट्रक्टर शिकवत असेल तर तो तास ड्युअल, विषय संपला. लॉगबुकच्या शेवटच्या पानावर पीआयसी १३५ दिसतात, त्यातले ४५ ड्युअल निघाले की उरतात ९०. शंभराला दहा कमी. हे डीजीसीएच्या टेबलावर कळण्यापेक्षा तिकडे असताना कळलेलं बरं.

दुसरा सापळा ‘सेफ्टी पायलट’चा. एक जण डोळ्यांवर बाहेरचं दिसू न देणारा हूड लावून उपकरणांवर उडवतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवतो, आणि ठरावीक अटींवर दोघेही पीआयसी लिहितात. विमान एक तास उडालं, पण दोन लॉगबुकांत दोन तास चढले. तास स्वस्तात वाढवायला ही युक्ती मुलं सर्रास वापरतात. भारतासाठी लागणाऱ्या १०० तासांत यातला एकही तास धरू नका.

तिसरा सापळा रात्रीचा. अमेरिकी कमर्शियलचे एकट्याने करायचे तास इन्स्ट्रक्टर सोबत घेऊन ‘पीआयसीचं काम पार पाडत’ केले तरी तिथे चालतात. विम्यासाठी शाळा हेच सुचवतात. रात्रीची १० लँडिंग्ज अशी इन्स्ट्रक्टरसोबत झाली असतील तर भारतात ती उपयोगी नाहीत. ती एकट्याने करायचा आग्रह धरा. ऑस्ट्रेलिया, युरोपात ‘आयसीयूएस’, ‘एसपीआयसी’ असे देखरेखीखालचे तास असतात. तेही वेगळ्या रकान्यात ठेवा, शंभरात मिसळू नका.

आणि एक अगदी बारीक गोष्ट, जी महिनोन्महिने डोकं खाते. अमेरिकी लॉगबुक दशांशात असतं: १.३, ०.८, २.१. विमानातल्या मीटरवर तसंच दिसतं. आपल्याकडे तास आणि मिनिटं लिहितात. ०.१ म्हणजे ६ मिनिटं. म्हणून १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं, दीड तासाच्या जवळपासही नाही. १.८ म्हणजे १ तास ४८ मिनिटं. कुणी घाईत १.३ चे १:३० करतो, त्याला १२ मिनिटं फुकट मिळतात. कुणी १.८ चे १:०८ करतो, त्याची ४० मिनिटं जातात. दीड-दोनशे नोंदी अशा झाल्या की बेरीज शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही आणि अर्जावर शेरा पडतो.

यावर उपाय एकच. पहिल्या उड्डाणापासून दुसरी नोंदवही ठेवा, भारतीय हिशेबाची. कागदी किंवा एक्सेल, काहीही चालेल. तारीख, विमानाची नोंदणी आणि प्रकार, कुठून कुठे, तास-मिनिटं, ड्युअल, पीआयसी (विमानात इन्स्ट्रक्टर नाही, जबाबदारी एकट्या तुमची), क्रॉस-कंट्री, रात्र, इन्स्ट्रुमेंट, सिम्युलेटर, थांबून झालेली लँडिंग्ज. दर रविवारी बेरीज करा. सिम्युलेटर २०० मध्ये धरू नका. शंभर पीआयसीच्या जागी ११०, दोनशेच्या जागी २१० असं थोडं पुढचं लक्ष्य ठेवा, म्हणजे छाननीत दोन-चार नोंदी गळल्या तरी अर्ज परत येत नाही.

तिथून निघताना

परतीच्या तिकिटाआधी किमान महिनाभर कागद गोळा करायला ठेवा. शाळेच्या लेटरहेडवर तासांचा तपशीलवार दाखला, विमानाच्या प्रकारानुसार वेगळा, मुख्य इन्स्ट्रक्टरच्या सहीचा. शाळेच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत. कोर्स पूर्ण झाल्याचे दाखले. प्रत्येक उड्डाण चाचणीचा अहवाल आणि परीक्षकाचा परवाना क्रमांक. ज्या इन्स्ट्रक्टरांनी सह्या केल्या त्यांची नावं आणि क्रमांक. छोट्या शाळा बंद पडतात, मालक बदलतात. तेव्हा त्यांच्याकडची नोंद मागायला कुणी उरत नाही. दर महिन्याला लॉगबुकच्या पानांवर शिक्का घ्यायची सवय असेल तर ही चिंता राहत नाही.

चाचणी पास झाल्यावर परीक्षक जो कागदी तात्पुरता परवाना देतो तो १२० दिवस चालतो. प्लॅस्टिक कार्ड नंतर टपालाने येतं. अर्ज कार्डावर करा. परवाना खरा आहे हे तिकडच्या प्राधिकरणाने थेट डीजीसीएला कळवायचं असतं. एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचं, हे काम ओक्लाहोमा सिटीतली वैमानिक प्रमाणपत्र शाखा करते. विनंती तुम्हालाच करावी लागते, आणि उत्तर यायला आठवडे जातात. कार्ड हातात पडलं त्याच दिवशी विनंती पाठवा. त्यात डीजीसीएचं नाव आणि पत्ता नीट द्या.

पासपोर्टवरच्या प्रवेश-निर्गमनाच्या तारखा उड्डाणांच्या तारखांशी ताडून पाहिल्या जातात. अमेरिकेत आता शिक्का नेहमी मिळत नाही. म्हणून आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) च्या संकेतस्थळावरून प्रवासाचा इतिहास छापून घ्या.

अमेरिकी परवान्यावरचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवावं लागतं. तुमचा पत्ता अमेरिकेबाहेरचा असेल आणि तिथला दुसरा पत्ता नसेल, तर २०२५ पासून अमेरिकेत एक ‘यूएस एजंट’ नेमणं बंधनकारक आहे. त्याचा अर्थ एवढाच की सरकारी कागद स्वीकारायला तिथला पत्ता असलेली व्यक्ती किंवा संस्था. परभणीचा पत्ता टाकून मोकळं होता येत नाही.

परतल्यावर

अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर होतो. परीक्षांचे निकाल, वैध क्लास १, परदेशी परवाना आणि पडताळणी, तासांचे दाखले, हे सगळं तिथे चढवायचं. स्कॅन सरळ, रंगीत आणि दोन्ही बाजूंचे असावेत. मोबाइलने काढलेले तिरके फोटो परत येतात.

रेडिओचा परवाना वेगळा. त्यासाठीची आरटीआर (ए) ही रेडिओ संभाषणाची परीक्षा पूर्वी दूरसंचार विभाग घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नंतर ती डीजीसीएकडे आली. ती पास झाल्यावर एफआरटीओएल, म्हणजे रेडिओचा परवाना, मिळतं. अमेरिकेत कितीही सफाईने एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रकांशी) बोलला असाल तरी ही परीक्षा चुकत नाही. इंग्रजीचंही तसंच. एफएएच्या कार्डावर फक्त ‘इंग्लिश प्रोफिशियंट’ एवढं असतं, आयकाओची पातळी नसते. इथे पातळी ४ किंवा वरची, मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी देऊन, नोंदवावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी याला घाबरू नये. चाचणी उच्चारांच्या श्रीमंतीची नसते, अनपेक्षित प्रसंग स्पष्ट शब्दांत सांगता येतो का, एवढंच बघतात.

मग उड्डाण चाचण्या. दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट (विमान हाताळण्याची चाचणी), दिवसा २५० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, रात्री १२० मैलांची, शिवाय इन्स्ट्रुमेंट चाचणी. अर्जाआधीच्या सहा महिन्यांतल्याच चाचण्या धरल्या जातात. बहुतेकांना त्या भारतातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये कराव्या लागतात. मराठवाड्यातून बारामती, शिरपूर किंवा गोंदियाजवळचं बिरसी गाठावं लागतं. जून ते सप्टेंबर ढग आणि पावसामुळे रात्रीची क्रॉस-कंट्री आठवडाभर अडकून पडू शकते, आणि राहण्या-खाण्याचा खर्च चालूच राहतो. जमेल तर ऑक्टोबर ते मार्च धरा. शाळेकडे रात्रीची सोय आणि परीक्षक उपलब्ध आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. नुसतं ‘होऊन जाईल’ याला काही अर्थ नाही. तिकडच्या खर्चात शेवटचा पैसा संपवू नका. या टप्प्यासाठी आणि मल्टी-इंजिनसाठी (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाच्या पात्रतेसाठी) वेगळी रक्कम बाजूला असावी, नाहीतर परवान्याच्या दारात येऊन सहा महिन्यांचं घड्याळ पुन्हा सुरू होतं.

डीजीसीएकडून त्रुटी आली तर फक्त त्या मुद्द्याचं उत्तर द्या, पुराव्यासकट, एकाच वेळी. अर्धं आज आणि अर्धं पुढच्या आठवड्यात पाठवलं की फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

उलट दिशेने जायचं असेल तर

भारतीय परवान्यावर अमेरिकेत प्रायव्हेट प्रमाणपत्र सहज मिळतं. पडताळणीचा अर्ज ओक्लाहोमा सिटीला करायचा, उत्तर आलं की प्रत्यक्ष जाऊन ओळख पटवायची. मात्र त्यावर पैसे घेऊन उडता येत नाही, आणि मूळ भारतीय परवाना वैध असेल तोवरच ते वैध. कमर्शियल किंवा एटीपी (एअरलाइन पायलटचं प्रमाणपत्र) हवं असेल तर तिकडची लेखी आणि उड्डाण चाचणी द्यावीच लागते.

युरोपात ईएएसएचं, म्हणजे युरोपीय विमान सुरक्षा संस्थेचं, रूपांतरण सगळ्यात जड. एअरलाइन पायलटसाठी १३ लेखी पेपर, प्रत्येकी ७५ टक्के, शिवाय त्यांचं स्वतःचं क्लास १ मेडिकल. ब्रिटन युरोपीय व्यवस्थेतून बाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश आणि ईएएसए परवाने वेगळे आहेत. एक काढला म्हणून दुसरा मिळत नाही. पेपर देण्याआधी नोकरी कुठे करायची ते ठरवा, कारण तेरा पेपर चुकीच्या प्राधिकरणाकडे दिले तर ते इकडून तिकडे सरकवता येत नाहीत.